बोटभर सैल

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तब्येत कशी, कान कसे, हे विचारत नाही. परवा फोन केला होता. तुम्ही तीनदा "हॅलो" म्हणालात, मग "कोण मेलंय?" असं ओरडून ठेवून दिलात. कुणी मेलेलं नव्हतं, मीच होते. तेव्हा आता कागद.

बातमी अशी, की मालकीणबाईंनी अखेर जिन्याखालची खोली मला दिली. कापडाचे तागे ठेवायला दुकानात जागाच उरली नव्हती, गिऱ्हाईक येऊन बसतं कुठे तर गणवेशांच्या ढिगावर. काल ती खोली उपसली. मोडके पाट, एक बिनकाचेची खिडकी, आणि सगळ्याच्या मागे, भिंतीला तोंड करून रुसून बसल्यासारखी एक सायकल. टायर नाहीत, सीट नाही, आणि अंगभर हिरवा रंग. हाच हिरवा रंग जिन्याच्या कठड्याला, दारांना आणि नळाच्या तोटीलाही आहे. मालकीणबाईंनी डबा संपेपर्यंत समोर येईल ते रंगवलेलं दिसतं.

मी तिला भंगारात देणार होते. पण उचलली आणि हात थबकला. एवढी मोठी सायकल आणि वजन काहीच नाही! तुम्ही नेहमी म्हणता ना, चांगल्या पोलादाची सायकल उचलताना माणूस जोर जास्त लावतो आणि फसतो. तशी मी फसले. मागे कॅरिअर लावायची भोकं आहेत, मडगार्डला भरपूर जागा आहे, चाकांमधलं अंतर लांब आहे. म्हणजे सामान लादून लांब जायची सायकल, हे मलासुद्धा कळतं. दोन नळ्या जिथं मिळतात तिथं, कफाला कापावी तशी टोकदार नक्षी आहे.

मामा, मी उगाच आशा लावत नाही, पण तुम्ही मामीसाठी बनवलेली सायकल अशीच होती ना? तुमच्या मागच्या पत्रात ती एक ओळ होती, आणि ती वाचल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. "खाणावळवाला माझी सायकल मागतोय, भिंतीवर शोभेला टांगायची म्हणतो. देऊन टाकतो. जोडीतली एकटीच ठेवून काय करायची?" असं तुम्ही लिहिलं होतं. ही जोडीतली दुसरी निघाली तर?

इथं पूर्वी वरच्या मजल्यावर कोण राहायचं, ते मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "एक बाई होती आणि पहाटे बाहेर पडायची." एवढीच माहिती. सोबत फोटो पाठवतेय.

तुमची,
चिंधी

•

११ फेब्रुवारी

चिंधे,

फोटो मिळाला. त्यात सायकलीपेक्षा जिना जास्त आला आहे. जिना चांगला आहे.

आता नीट ऐक. पाय दुखायला लागल्यावर तुझ्या मामीला सायकल चालवेना, तेव्हा तिनं ती गावातल्या परिचारिकेला देऊन टाकली. मला विचारून दिली, मी हो म्हणालो. पुढं त्या बाईंची बदली झाली, मग आणखी बदली, आणि सायकल गेली ती गेली. पहाटे बाहेर पडणारी बाई परिचारिकाच असते असं नाही. पाव भाजणाऱ्या बायकाही पहाटेच उठतात.

तू पाच वर्षांची असल्यापासून मामीच्या मशीनखालच्या चिंध्या गोळा करून प्रत्येकीला "ही रेशमाची" म्हणायचीस. नाव त्यावरूनच पडलं. तेव्हा तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, मापांवर आहे. तू शिंपीण आहेस आणि तिच्या हाताखाली शिकली आहेस.

ती टोकदार नक्षी म्हणजे लग. नळी लगात घालायची, पितळ वितळवून डाग द्यायचा, जोड पक्का. पण आमच्या गल्लीतली सगळी दुकानं एकाच माणसाकडून लग घ्यायची, म्हणून नुसत्या लगावरून काही ठरत नाही. नंबर शोधू नकोस. घरच्या सायकलींवर मी नंबर ठोकत नसे. हिरवा रंग एका कोपऱ्यात हळूच खरवडून बघ, ब्लेडनं नको, रंग काढायचं औषध लावून जुन्या चिंधीनं. (चिंध्या तुझ्याकडे असतीलच.) खाली शाईसारखा निळा लागला तर लिही. आणि उभ्या नळीची उंची, आडव्या नळीची लांबी, सीटच्या जोडापासून मागच्या चाकाच्या खाचेपर्यंतचं अंतर, एवढं मोजून पाठव.

खाणावळीच्या भिंतींना सध्या गिलावा चाललाय. रंग झाला की तो सायकल न्यायला येईल. तोवर ती माझ्या खोलीतच आहे. घाई नाही, पण फार निवांतही राहू नकोस.

मामा

•

१९ फेब्रुवारी

मामा!

निळा आहे!

सीटखालच्या कोपऱ्यात औषध लावलं, पुसलं, तर हिरव्याखाली काळा, काळ्याखाली निळा. अगदी दौतीतला निळा. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की ट्रायलला आलेल्या बँडमास्तरांनी हात वर केले, आणि बगलेत टाचण्या होत्या. बरं, वाद्यवृंदाच्या माणसाला आवाजाची सवय असते.

काल दुकान बंद केल्यावर मापं घेतली. टेप माझीच, मामीनं दिलेली पितळी टोकांची. उभी नळी साडेएकोणीस इंच. आडवी नळी एकवीस. सीटच्या जोडापासून खाचेपर्यंत साडेसतरा. सगळं नीट दोनदा मोजलंय.

चाकं काढून चाकवाल्याकडे टाकली. त्यानं एक चाक बोटावर फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हे चाक नाही, ही जिलबी आहे." पण आऊट काढून, सरळ करून देतो म्हणाला, आरे बदलायला लागतील. फक्त त्याच्याकडे वेळ लागतो, तो रोज थोडं थोडंच काम करतो. तोवर चौकट माझ्या कापायच्या टेबलावर, एका बाजूला कोटाचं कापड आणि दुसऱ्या बाजूला ही. गिऱ्हाइकं विचारतात, "हिचं काय शिवताय?"

मामा, सांगा ना लवकर. तीच आहे ना?

चिंधी

•

२६ फेब्रुवारी

चिंधे,

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सायकल माझीच आहे. म्हणजे माझ्या हातची. तो निळा रंग मी एकदाच आणला होता, एकच मोठा डबा, आणि त्यात तीन सायकली रंगल्या. पण बाळ, ही मामीची नाही. मापानं घोळ मिटवला. आता तुला ती गोष्ट सांगायलाच हवी, जी मामी हयात असताना सांगायची माझी छाती नव्हती.

लग्नानंतरच्या वर्षी आम्ही ठरवलं, दोघांनी सायकलवरून हिंडायचं. माझी चौकट केली. मग तिची. मी तिला पायाचं माप विचारलं, तिनं स्वतःच घेऊन कागदावर लिहून दिलं. शिंपीण ती, मी कशाला पुन्हा मोजू? त्या मापावर चौकट केली, साडेएकोणीस इंच. घासली, रंगवली, आणून उभी केली. ती दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली तर काय! टाचा हवेत. चवड्यावर डुगडुगत होती. मी म्हणालो, माप चुकीचं दिलंस. ती म्हणाली, मापात मी जन्मात चुकले नाही, कापलं तुम्ही चुकीचं. मी म्हणालो, कापण्यात मी जन्मात चुकलो नाही. आठवडाभर घरात फक्त भांडी बोलत होती.

शेवटी मी दुसरी चौकट करायला घेतली. यावेळी तिला माप विचारलंच नाही. दाराला पाठ टेकवून उभी केली आणि पेन्सिलीनं दाराच्या चौकटीवर खूण केली. ती बरोबर बसली, बोटभर कमी भरली, आणि त्याच सायकलवर ती पुढं कुठं कुठं हिंडली ते तुला माहीतच आहे. पहिली मी एका उंच पोस्टमनला दिली. तुझ्या जिन्याखाली आहे ती हीच. पहाटे बाहेर पडणारी बाई त्याची कोण लागत असेल ते तीच जाणे.

कोण चुकलं, हा वाद मात्र कधी मिटला नाही. पुढं कुठलीही वस्तू घरात बसली नाही, पडदा असो की कपाट, की ती म्हणायची, "सायकलीसारखं झालं." आणि मी म्हणायचो, "माप कुणी दिलं होतं?" आजारपणातही एकदा म्हणाली. हसत होती.

असो. सायकल उत्तम आहे, तिचा काही दोष नाही. नीट कर आणि चालव. माळ्यावर कॅरिअरचा एक सांगाडा होता, त्याचे पाय तुझ्या मापाला कापून, टोकं ठोकून पाठवतोय. पायाला चिठ्ठी बांधली आहे, लांबी त्यावर लिहिली आहे. हातानं अजून करवत धरवते, हे बघून बरं वाटलं. बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुऊन घे, हरवू नकोस.

आणि माझी सायकल मी खाणावळवाल्याला देतोय. आता त्यात बदल नाही. भिंतीवर का होईना, लोक बघतील तरी. इथं खोलीत ती माझ्याकडे बघत बसते आणि मी तिच्याकडे.

मामा

•

७ मार्च

मामा,

दोन दिवस मी तोंड पाडून बसले होते, ते मान्य. मग उठले आणि औषध लावायला घेतलं. मामीची नसेना, तुमच्या हातची आहे, आणि तुमच्या हातचं काही मी भंगारात जाऊ देणार नाही.

हिरवा गेला, काळा गेला. निळा जिथं टिकलाय तिथं तसाच ठेवलाय, वर नुसतं मेण चोळलं. नवा रंग द्यायचा नाही असं ठरवलं. जुन्या कोटाला कोपरावर ठिगळ लावावं, पण कोट बदलू नये, असं मामी म्हणायची. लगांच्या कडा आता अशा दिसतात, की बँडमास्तरांना तशीच नक्षी कॉलरवर हवी आहे. पुढच्या चाकाच्या चिमट्यातले छर्रे धुतले. एक हरवला होता. मशीनच्या पेटीत, बटणांच्या डब्यात सापडला. तो तिथं कसा गेला ते विचारू नका.

तुमचं पार्सल आलं. कॅरिअर इतकं सुंदर आहे, की लावायला मन होईना. लावलं, तर बसेना! पाय लांब आहेत. बोटभर लांब. खालची भोकं खाचेपाशी यायला हवीत, ती खाली लोंबतात, आणि तशीच आवळली तर कॅरिअर आकाशाकडे तोंड करतं. मामा, रागावू नका, पण कापताना काही घोळ झाला का?

तुमच्या सायकलीबद्दल मी काही बोलणार नाही असं ठरवलं होतं. बोलते. खाणावळीत तिच्या सीटवर लोक टोप्या टांगतील.

चिंधी

•

१४ मार्च

चिंधे,

कापताना घोळ झाला नाही. मी तीस वर्षं नळ्या कापल्या, सूतभर चुकलो असेन, बोटभर कधीच नाही. माप तू दिलंस. साडेसतरा म्हणालीस, साडेसतरा कापलं. चौकटच कुठं चेपली नसेल ना? मागची नळी वाकली असेल तर अंतर कमी होतं. दोरा ताणून बघ.

खाणावळीचा रंग झाला. फिकट पिवळा. तो या आठवड्यात केव्हाही येईल. मी सायकल पुसली, साखळीला तेल दिलं, टायरमध्ये हवा भरली. भिंतीवरच्या सायकलीला हवा कशाला, असं मनात आलं, पण हात सवयीनं भरत राहिला.

टोप्यांचं मीही त्याला बजावलं आहे. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

मामा

•

१८ मार्च

मामा,

हे पत्र हातात पडेल तेव्हा उभे असाल तर बसा. आणि सायकल अजून घरात असेल तर दाराला कडी लावा.

तुमचं पत्र वाचून मी आधी फणकारले. "माप तू दिलंस" म्हणे! मी पण मनात म्हणाले, "कापलं तुम्ही." आणि तिथंच मला कुणीतरी खांद्यावर टिचकी मारल्यासारखं झालं. हे भांडण मी नुकतंच कुठं तरी वाचलं होतं. तुमच्याच पत्रात. शब्दही तेच, आणि फरकही तोच, बोटभर.

मग दोरा ताणला. चौकट कुठंही चेपलेली नाही, सरळ आहे. तेव्हा म्हटलं, तुमची चूक तुमच्याच चिठ्ठीवर पकडू. कॅरिअरच्या पायाला बांधलेली चिठ्ठी बघितली: साडेसतरा. त्या पायाला टेप लावली, मोजलं, आणि कागदावर लिहिलं: सव्वाअठरा. घ्या, सापडले मामा चोरी करताना! एवढी खूश झाले, की मालकीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला, टेपवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, हे साडेसतराच आहे की. तू सव्वाअठरा काय लिहिलंस?"

मी टेपकडे बघितलं. साडेसतराच होतं. कागदाकडे बघितलं. माझ्याच अक्षरात सव्वाअठरा.

मामा, मी रोज काय करते ते तुम्हाला सांगते, म्हणजे कळेल. माणसाचं माप घेतलं की मी ते तसंच लिहीत नाही. अंगाला अगदी चिकटून कपडा शिवला तर माणूस बसणार कसा, वाकणार कसा, जेवणार कसा? म्हणून लांबीत बोटभर, म्हणजे पाऊण इंच, वाढवायचं आणि मगच लिहायचं. सगळे शिंपी वाढवतात, पण ते कापताना. मी लिहितानाच वाढवते, कारण मला तसंच शिकवलंय. "कोरडं माप कागदावर उतरवायचं नाही. घाईच्या दिवशी वाढवायला विसरशील आणि गिऱ्हाइकाचा श्वास कोंडेल. डोळ्यांनी वाचायचं आणि हातानं सैल लिहायचं." हे कुणी शिकवलं ते वेगळं सांगायला हवं का? आता इतकी सवय झाली आहे, की वाढवते हे मलाच कळत नाही. मी लोखंडाच्या नळीला श्वास घ्यायला जागा ठेवली, मामा.

मग मालकीणबाईंना समोर बसवलं. मी टेप धरली, त्यांनी वाचलं, त्यांनीच लिहिलं. कागद सोबत आहे, अक्षर त्यांचं आहे, बघा. खाचेपर्यंतचं अंतर पावणेसतरा. आणि उभी नळी पावणेएकोणीस. साडेएकोणीस नाही. तुमच्या पहिल्या चौकटीपेक्षा बोटभर कमी.

ही पोस्टमनची नाही. ही मामीची आहे.

आणि आता दुसरी गोष्ट. तुम्हाला तिनं जे माप लिहून दिलं होतं, तेही तिनं असंच लिहिलं असणार. स्वतःच्या पायाचं माप, बोटभर सैल. ती मापात चुकली नव्हती. तिनं तुमच्या सायकलीला पॅण्टसारखं माप दिलं. आणि तुम्ही कापण्यात चुकला नव्हता, दिलं तेवढं कापलंत. म्हणून तर दारावर पेन्सिलीनं खूण केली तेव्हा बरोबर भरलं. पेन्सिल काही वाढवून लिहीत नाही.

एवढी वर्षं दोघंही बरोबर होतात, मामा.

चाकवाला म्हणतो चाकं शनिवारी. मी हे पत्र स्वतः टपालात टाकायला चालले आहे, कुणावर विश्वास नाही.

चिंधी

•

२५ मार्च

चिंधे,

तुझं पत्र आलं तेव्हा सायकल घरात नव्हती. ती दोन दिवस आधीच गेली होती.

पत्र वाचून संपवलं. नंतर टोपी घातली आणि चालत खाणावळीत गेलो. ती खिडकीच्या वर, तारेनं बांधलेली, आणि हँडलला एक टोपली, टोपलीत कागदाची फुलं. सीटवर टोपी नव्हती, तेवढा शब्द त्यानं पाळला. मी खाली बसलो, जेवण मागवलं, कारण न जेवता भांडायला मला जमत नाही. जेवून झाल्यावर वर बोट दाखवलं आणि म्हणालो, खाली काढ.

तो बराच वेळ बोलला. मला काही ऐकू आलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिरेपणाचा उपयोग झाला. शेवटी मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग मुदपाकखान्यातून बायकोला बोलावून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती रडायला लागली आणि त्याच्यावरच ओरडली. तो स्वतः शिडीवर चढला. भिंत ओकीबोकी राहू नये म्हणून मी त्याला माझ्या दुकानाची जुनी पाटी देतोय, ती सायकलीपेक्षा मोठी आहे. कागदाची फुलं त्यानं आग्रहानं माझ्याकडेच ठेवली.

आता ती घरी न्यायची कशी? ढकलत नेली तर संध्याकाळ झाली असती. टायरमध्ये हवा होतीच. बसलो. मामीनं चालवणं सोडल्यापासून बसलो नव्हतो, एकट्यानं चालवायची नाही असं ठरवलं होतं. पहिल्या वळणापर्यंत लटपटलो, मग पायांना आठवलं. घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी पूर्ण रस्ताभर डावीकडे एका सायकलीपुरती जागा सोडून चालवत होतो.

चिंधे, ती बरोबर होती तर. मला फार आनंद झाला आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम. हे तिला सांगायला हवं होतं. ती किती हसली असती! "बघा, म्हणत होते ना," म्हणाली असती, आणि मी म्हणालो असतो, "मीही म्हणतच होतो." दाराच्या चौकटीवरची ती पेन्सिलीची खूण अजून आहे. तिच्यावरून कधी रंग फिरवू दिला नाही मी. काल तिच्यासमोर उभा राहून दोघांच्या वतीनं वाद मिटवला.

पण मालकीणबाईंच्या अक्षरावर मी अजून पूर्ण विसंबत नाही. त्यांनी नळाची तोटी रंगवली आहे. एकच खात्री आहे. तुझी उंची अगदी मामीची, तिचे कोट तुला न उसवता बसतात. चाकं आली की लाव, आणि आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहा. पायात चप्पल नको. टाचा जमिनीला टेकल्या तर तिची. चवड्यावर उभं राहावं लागलं तर पोस्टमनची.

टेप जवळ ठेवू नकोस. लगेच कळव.

मामा

•

३१ मार्च

मामा,

चाकं आली. टायर घातले, साखळी चढवली, कॅरिअरचे पाय चाकवाल्यानं बोटभर कापले. (तुमची माफी मागून कापा असं सांगितलं, त्यानं खरंच मागितली.) सायकल दुकानाबाहेर फुटपाथवर आणली. मालकीणबाई हँडल धरून उभ्या होत्या, बँडमास्तर मागचं मडगार्ड. मी चपला काढल्या, पाय टाकला आणि डोळे मिटले.

टाचा टेकल्या. दोन्ही. आरामात.

मी तिथंच उभी राहून रडले, आणि हसले पण, आणि बँडमास्तर म्हणाले, आता निदान बसा तरी. बसले. चौकापर्यंत जाऊन आले. मामा, ती काय चालते! सोडवत नाही. मालकीणबाईंना आता एकदम आठवलंय, की वरच्या मजल्यावरच्या बाईकडे औषधांची पेटी असायची आणि ती कॅरिअरला बांधून नेताना दोरी सुटायची. आधी का नाही आठवलं, विचारलं, तर म्हणाल्या, "तू दोरीचं कुठं विचारलंस?"

आता ठरवून टाका. मे महिन्यात मी इकडून निघते, तुम्ही तिकडून निघा. मधल्या गावात, पुलापाशी भेटू, आणि पुढं दोघं बरोबर. मी तुमच्या डावीकडून चालवीन, तुम्ही सोडलेल्या जागेत.

रस्त्यात वारा लागेल, म्हणून तुम्हाला सायकलवर घालायला जाड कापडाची पॅण्ट शिवतेय. कमरेचं आणि पायाचं माप पाठवा. टेपवर दिसेल तेच लिहा, मामा, स्वतःहून काही वाढवू नका. वाढवायचं ते मी बघते.

तुमची,
चिंधी